टीव्हीतल्या मेलेल्यांचं सुतक

आमचे घरमालक टीव्हीकडे पाठ करून बसत. खुर्ची अशी उलटी टाकत की टीव्ही त्यांच्या डोक्यामागे यावा आणि गल्लीतली सगळी पोरं डोळ्यांपुढे. परभणीकडच्या मानवतला त्यांच्याकडे खोली घेतली त्याच संध्याकाळी मी हे पाहिलं आणि मनात म्हटलं, गृहस्थ जरा सरकलेला दिसतोय. नवरा पुण्याकडे कारखान्यात, महिन्याकाठी एकदा येणार. आणि मी एकटी, पदरात लहान पोर. अशा वेळी घरमालक आधी नीट पारखून घ्यावा लागतो. त्यांच्या बायकोनं चहाला बोलावलं होतं. चहा पिता पिता मी विचारलंच, की असं उलटं बसून तुम्हाला काय दिसतं?

"टीव्हीत काय बघायचंय बाई," ते म्हणाले. "मी बघणाऱ्यांना बघायलोय."

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणे, त्यांच्या बायकोला मामी. मीही तेच म्हणू लागले. मामा उंच, सडसडीत, डोक्यावर टोपी, अंगात कायम एकाच रंगाचा सदरा. आठ-दहा एकर कापूस होता, घर स्वतःचं होतं, पोरगी उजवलेली होती. म्हणजे घाबरून जगावं असं वरकरणी काहीच नव्हतं. शेतात साप निघाला तर काठीनं बाजूला सारून परत कामाला लागणारा हा माणूस. रात्री-बेरात्री कुणाच्याही मौतीला सगळ्यांच्या आधी हजर. पण पोरं टीव्हीसमोर बसली की मामांच्या कपाळावर आठी यायची आणि ती टीव्ही बंद होईपर्यंत जायची नाही.

टीव्ही जावयानं घेऊन दिलेला होता. भला मोठा, अर्धी भिंत खाणारा. कापसाच्या हंगामात गल्लीतल्या बाया एक तर वेचणीला जात किंवा सरकी काढणाऱ्या जिनिंगवर. घराघरांतले मोबाइल त्यांच्याबरोबर जात. मग शाळा सुटली की पोरं मामांच्या ओसरीवर. माझा आदूही त्यातच. तो पहिलीत होता, त्याची शाळा दुपारीच सुटायची आणि मी माझ्या शाळेतून यायची पाचला. मी विज्ञान शिकवते. मधला सगळा वेळ मामा-मामींचा जिम्मा होता आणि त्यांनी तो कधी ओझं म्हणून दाखवला नाही.

मामी पोरांपुढे मुरमुऱ्यांची परात ठेवत. मामा पोरांचे हात बघत. आधी मला हे कळलंच नव्हतं. मला वाटायचं, कोण जास्त खातंय ते बघतात. एकदा मी रजेवर घरी होते तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवलं आणि हळूच सांगितलं, आता नुसतं हाताकडे बघा. टीव्हीवर कुणी कुणाला तरी जिन्यावरून ढकलत होतं, मग गळा धरत होतं. पोरांचे हात परातीत जात होते, तोंडाशी येत होते, परत जात होते. एकही हात मध्ये थांबला नाही. आदूचाही नाही.

"पयले असं न्हवतं," मामा म्हणाले. "पयले कुणाला मारलं की घास तोंडापाशी थांबायचा लेकरांचा. एखादं डोळे झाकायचं. आता माणूस मरायलाय आन् लेकरू चावायलंय. मला लय भ्या वाटतंय बाई."

मी त्यांना शाळेत शिकवते तसं समजावून सांगितलं. हे सगळं खोटं असतं, रंग असतो, नट असतात, आजकालच्या पोरांना ते चांगलं ठाऊक असतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खोटं हाय हे ठाव हाय त्यांना. पण खरं कसं असतंय ते कुणी दाखवलंय का?" त्या दिवशी मी त्यांच्यावर मनातून चिडले. माझं पोर बरं आहे, हसतं-खेळतं आहे, त्याच्या हाताकडे बघून कुणी घाबरावं हे मला आवडलं नव्हतं. पण तेव्हापासून जेवतानासुद्धा माझी नजर आदूच्या हातावर जायला लागली.

मामांनी या भीतीपायी काय काय केलं त्याच्या गोष्टी गल्लीत चवीनं सांगितल्या जात. एकदा ते केबलवाल्याकडे गेले आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळात कुणाला मारू नका म्हणाले. केबलवाला पोरगा हसून हसून बेजार झाला. म्हणाला, मामा, रिमोट तुमच्याच हातात हाय की. मामांनी त्याला सांगितलं की माझ्या हातात एका घराचा हाय, तुझ्या हातात साऱ्या गावाचा हाय. तरी पोरगा हसतच राहिला, मग मामा उठून आले. दुसऱ्यांदा ते आमच्या शाळेच्या पालक सभेत आले, कुणाचे पालक नसताना. अभ्यास, फी, गणवेश असं सगळं बोलून झाल्यावर मागून उभे राहिले आणि म्हणाले, तुमची लेकरं मेलेला माणूस बघून घास गिळतात का थुकतात, हे एकदा घरी बघा. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं, कारण ते माझे घरमालक आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. मी खाली मान घालून पिशवीत काहीतरी शोधत राहिले.

मग टीव्ही बंदच का करत नाही, असं मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी तोही प्रयोग केला होता. आठवडाभर टीव्हीवर चादर टाकली. पोरं गेली पलीकडच्या गल्लीत, एका पानटपरीच्या मागे, तिथं मोठ्या पोरांच्या मोबाइलवर याहून वाईट काहीतरी बघायला. मामांनी चादर काढली. "माझ्या डोळ्यापुढं बघू द्या," म्हणाले. त्यात मला तथ्य वाटलं.

मग त्यांनी एक वेगळंच सुरू केलं. टीव्हीत कुणी मेलं की मामा डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत. पाठ टीव्हीकडे असूनही आवाजावरून त्यांना बरोबर कळायचं. टोपी उतरली की पोरं ओळखायची, आता आवाज बंद होणार. मामा आवाज बंद करत आणि विचारत, "आत्ता गेला तो कोण व्हता?"

पोरं म्हणायची, गुंड होता.

"गुंड हे काय नाव झालं? घरी काय म्हणायचे त्याला?"

पहिल्यांदा पोरं एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसली. मग कुणीतरी म्हणालं, गजानन. कुठला? सेलूचा. घरी कोण कोण आहे? आई आहे, बायको आहे, एक म्हैस आहे. दुसरीतल्या एका मुलीनं सांगितलं, त्याची पोरगी पण आहे, तिला त्यानं येताना कंपासपेटी आणतो म्हणून सांगितलं होतं. मामांनी विचारलं, मग आता ती काय करायली असंल? ती मुलगी एकदम रडायला लागली. तिच्यामागून दोन-तीन पोरं रडली. टीव्हीत तोवर हीरो नाचायला लागला होता, पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी दारात उभी होते. सिनेमात माणसं पाखरासारखी मरतात आणि आपण कधी त्यांतल्या एकाचंही नाव विचारत नाही, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई भांडायला आली. पोरगी जेवली नाही, गुंडाच्या पोरीला कंपासपेटी कोण देईल म्हणून रडत होती. मामांना मात्र त्या दिवशी मी पहिल्यांदा हसताना बघितलं. चांगलं झालं म्हणाले, रडली म्हणजे अजून ठीक हाय.

पण पोरं ती पोरंच. पंधरा-वीस दिवसांत त्यांना सवय झाली. माणूस मेला, टोपी उतरली, की पोरं घाईघाईनं पाढा म्हणावा तसं म्हणून टाकायची, गजानन, सेलू, आई, बायको, म्हैस. आणि हात परत परातीत. नाव तेच, म्हैस तीच. मामा खूप खिन्न झाले. दोन दिवस ओसरीवर आलेच नाहीत, मामींनीच पोरांना सांभाळलं.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ओसरीच्या पायरीपाशी पाण्याची बादली आणि तांब्या ठेवलेला, शेजारी सुपात कडुलिंबाचा पाला. मला वाटलं गल्लीत कुणी वारलं. आमच्याकडे मौतीवरून आलेला माणूस तसाच घरात शिरत नाही. पाय धुतो, लिंबाचा पाला चावतो, थुंकतो आणि मगच आत येतो. पण मौत गल्लीतली नव्हती. मामांनी नियम केला होता, की टीव्हीत कुणी मेलं तर बघणाऱ्यांना सुतक. ज्यानं मरताना बघितलं त्यानं उठायचं, हातपाय धुवायचे, पाला चावायचा आणि मगच परत ओसरीवर यायचं. पाला चावल्याशिवाय मुरमुरे नाहीत.

सुरुवातीला हा उपाय फारच लागू पडला. लिंबाचा कोवळा पालासुद्धा कडूजहर, पोरांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. एखाद्या सिनेमात तर पोरांना सारखं उठबस करावं लागे. थोड्याच दिवसांत पोरं आपणहून म्हणायला लागली, मामा, ते प्राण्यांचं लावा, ते पाककृतीचं लावा. ओसरीवर पोरं बसून पनीरची भाजी कशी करतात ते गंभीरपणे बघत असत. मी शाळेत हे सांगितलं तेव्हा स्टाफरूममध्ये सगळे पोट धरून हसले. मामांच्या कपाळावरची आठी त्या दिवसांत जरा सैल पडली होती. कडू लागलं की कळतंय, असं ते म्हणत. मलाही तेव्हा ते पटलं होतं.

एका संध्याकाळी आदूला जेवायला वाढताना त्याची जीभ हिरवी दिसली. आज काय बघितलंस म्हणून विचारलं, तर म्हणाला, काही नाही बघितलं, आम्ही खेळत होतो, मी दोघांना उडवलं. मग पाला का खाल्लास? तर म्हणाला, "उडवलं ना. मग खावा लागतो." त्यानं भाकरी मोडली आणि जेवायला लागला. मला काहीतरी खटकलं. काय ते नेमकं हाती लागेना, म्हणून उद्या मामांच्या कानावर घालू असं ठरवलं.

दुसरा दिवस शनिवार होता. मला एका प्रशिक्षणासाठी परभणीला जायचं होतं, त्या घाईत मामांशी बोलायचं राहिलं. त्याच सकाळी मामीही परभणीला निघाल्या, मुलीला घेऊन. ती बाळंतपणाला माहेरी आलेली होती, दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी सोनोग्राफीला बोलावलं होतं. तिची थोरली, तीन वर्षांची चिमी, घरीच मामांकडे राहिली. आम्ही तिघी एकाच एसटीनं गेलो. चिमी आदूचा हात धरून फाटकात उभी होती. गोल चेहऱ्याची, नुकतीच सगळं बोलायला लागलेली पोरगी. आदू तिला सांगेल ते ती करायची.

माझं काम लवकर आटोपलं. मामींना दवाखान्यात वेळ लागणार होता, म्हणून मी एकटी पुढच्या गाडीनं परत आले. ऊन कलायला लागलं होतं. मामा फाटकाबाहेर एका कापसाच्या व्यापाऱ्याशी बोलत उभे होते. मधल्या खोलीत त्यांचा कापूस आढ्यापर्यंत भरून पडला होता, भाव वाढेल म्हणून ठेवलेला, आणि व्यापारी दारात आलाय म्हटल्यावर त्याला असाच कसा घालवणार. मला बघून मामा म्हणाले, लेकरं आतच हायेत.

आदू ओसरीच्या पायरीवर एकटाच बसला होता. पाय ओले. तोंड वाकडं करून काहीतरी चावत होता. हिरवी थुंकी हनुवटीवर आली होती. आमच्या घरात तोवर ते गमतीचंच झालं होतं, म्हणून मी पर्स खाली ठेवता ठेवता हसून विचारलं, "कोण मेलं आज?"

"चिमी," तो म्हणाला.

मला वाटलं टीव्हीतलं कुणीतरी. "कुठली चिमी?"

"आपली." त्यानं पाला थुंकला आणि माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसता कंटाळा. "मी पाय धुतले. पाला पण खाल्ला. आता आत येऊ?"

मी त्याला दोन्ही खांद्यांना धरलं आणि विचारलं, चिमी कुठाय? तो म्हणाला, कापसात. तिला मारून मग पुरलं. टीव्हीत त्या माणसानं वाळूत पुरलं होतं तसं.

मामा फाटकातून कसे आत आले मला ठाऊक नाही. मधल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत कापूस. एका बाजूला खाली उतरता, भिंतीकडे डोक्याच्या वर. पोरांनी त्यात जायचं नाही अशी मामांची सक्त ताकीद होती, कारण कापूस दिसतो मऊ पण अंगावर घसरला की आत वारा नसतो. मामांनी चिमीला हाक मारली. मी मारली. काहीच हाललं नाही. पांढऱ्या ढिगात कुठंही काही दिसत नव्हतं. आम्ही दोघांनी हातांनी कापूस ओढायला सुरुवात केली, आणि जितका ओढावा तितका वरून खाली येत होता. धूळ नाकातोंडात जात होती. मामा तोंडातल्या तोंडात एकच गोष्ट म्हणत होते, माझी बाय, माझी बाय. व्यापारी दारात येऊन उभा राहिला आणि मग तोही कापूस उपसायला लागला.

मी आदूला ओरडून विचारलं, कुठल्या बाजूला? तो दारात आला आणि बोट केलं, खिडकीखाली. तिथं ढीग उपसला. आधी एक पाऊल लागलं. लहानसं, पैंजण घातलेलं. मामांनी पाय धरून तिला बाहेर काढलं. तिचे डोळे मिटलेले होते. केसांत, नाकात, ओठांवर सगळीकडे कापूस. ओठांचा रंग बघून मी भिंतीला टेकले. एवढी विज्ञानाची बाई मी, प्रथमोपचार वर्गावर शिकवते, आणि त्या क्षणाला मला एक गोष्ट आठवली नाही. मामांनी बोट घालून तिच्या तोंडातला कापूस काढला, तिला पालथी आपल्या मांडीवर घेतली आणि पाठीवर थापा मारल्या. एकदा, दोनदा. मग ती खोकली. परत खोकली, ओकली आणि मोठ्यानं रडायला लागली. लहान पोराचं रडणं इतकं गोड वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

जरा शांत झाल्यावर मामांनी तिला विचारलं, एवढ्या हाका मारल्या, ओ का दिली न्हाईस? चिमी हुंदके देत म्हणाली, "आदूदादा बोलला, मेलेलं बोलत न्हाई. हलत बी न्हाई."

व्यापाऱ्यानं मोटारसायकल काढली. मामा तिला घेऊन मागे बसले आणि डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं तपासून घरी पाठवलं, काळजीचं कारण नाही म्हणाला. तेवढा वेळ मी आणि आदू घरात दोघंच होतो. तो माझ्याजवळ यायला बघत होता आणि मी मागे सरकत होते. मला माझ्याच पोराची भीती वाटत होती. मी ज्याला न्हाऊ घातलं, ज्याची नखं कापली, त्याच्याच हातांकडे मला बघवत नव्हतं. तो कितीदा तरी विचारत राहिला, आई, मी सगळं केलं ना, मग तू का रागावलीस? त्यानं खरंच सगळं केलं होतं. मारलं, पुरलं, पाय धुतले, पाला चावला. त्याच्या हिशेबी गोष्ट संपली होती.

मामा परतले तेव्हा ते पोराला मारतील असं मला वाटलं. मारलं असतं तरी मी अडवलं नसतं. त्यांनी चिमीला ओसरीवर बसवलं आणि आधी मला बोलावलं. "चूक माझी हाय बाई," म्हणाले. "मीच शिकवलं त्यांना. पाला चावला की झालं, निस्तरलं. मौत अशी धुवून जाती, हे माझ्याच घरात शिकली लेकरं." मग उठून त्यांनी सुपातला पाला उकिरड्यावर नेऊन टाकला. बादली आत नेली.

नंतर त्यांनी आदूला जवळ घेतलं. तो अंग चोरून उभा राहिला. मामांनी त्याचा हात धरला आणि चिमीच्या नाकाखाली नेऊन ठेवला. तिला गुदगुल्या झाल्या, ती मागे सरली. मामांनी परत ठेवायला लावला.

"काय लागतंय हाताला?"

"वारा," आदू म्हणाला.

"गरम का गार?"

"गरम."

"हा थांबला असता तर ही परत आली नसती. मी रडलो असतो, तुझी आई रडली असती, पाच गावचा पाला चावला असता, तरी आली नसती."

आदू विचार करत होता. मग त्यानं विचारलं, "उद्याच्या भागात बी न्हाई?"

"न्हाई."

"कधीच न्हाई?"

"कधीच न्हाई रे लेकरा."

आदूनं हात काढला नाही. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि तो असा रडायला लागला की मी त्याला तसं रडताना कधी ऐकलं नव्हतं. माझी सगळी भीती त्या आवाजात विरली. मी त्याला पोटाशी धरलं. चिमी आश्चर्यानं त्याच्याकडे बघत राहिली आणि शेवटी तिनंच त्याला उगी उगी म्हटलं.

मामी आणि मुलगी परभणीहून आल्या तेव्हा मी काहीतरी गोल गोल सांगणार होते, कापसात पडली वगैरे. मामांनी मला बोलू दिलं नाही. त्यांनी सगळं जसं घडलं तसं सांगितलं, स्वतःच्या चुकीपासून सुरुवात करून. मुलीनं चिमीला उचललं आणि त्या अवघडलेल्या अंगानं आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पुढे बाळंत होईपर्यंत तिनं चिमीला आदूच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तिच्या जागी असते तर घरच सोडायला लावलं असतं. माझा नवरा फोनवर म्हणाला, लहान आहे, विसरून जाईल. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, विसरू देऊ नका.

त्यानंतर मामांनी टोपी काढणं, नावं विचारणं, सगळंच सोडलं. कापूस दुसऱ्याच दिवशी पडत्या भावानं देऊन टाकला. टीव्ही राहिला. मात्र आता ते पोरांच्या मधोमध सतरंजीवर बसतात, टीव्हीकडे तोंड करून, एखादं लहान पोर मांडीवर घेऊन. नको ते आलं की बंद करतात आणि बोलत बसतात. कधी पोरंच त्यांना काही विचारतात. अजून कपाळावर आठी आहे. गल्लीतले लोक म्हणतात, मामा पहिल्यापेक्षा जरा ताळ्यावर आले. मला तसं वाटत नाही. ते पहिल्यापेक्षा जास्त घाबरलेले आहेत, फक्त आता भीतीचा गाजावाजा करत नाहीत.

आदू आता तिसरीत गेला. चिमी सुट्टीत येते, दोघं खेळतात, तिच्या आईची नजर त्यांच्यावर असते आणि माझीही. खेळताना कुणी मरत नाही. बाकी तो इतर पोरांसारखाच आहे, अभ्यास टाळतो, खोटं बोलतो, भांडतो. फक्त एक आहे. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी जरा आडवी होते. डोळा लागतोय न लागतोय तोच अनवाणी पावलं वाजतात. तो येऊन माझ्याजवळ उभा राहतो आणि त्याचा हात माझ्या नाकाखाली येतो. हाताला वारा लागला की निघून जातो, खेळायला. याबद्दल तो कधी बोलत नाही आणि मीही विचारलेलं नाही. मामांना मात्र सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल, पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. मग म्हणाले, अडवू नका, त्याची खात्री पटली की आपसूक बंद करील. ती अजून पटलेली नाही. म्हणून पावलं वाजली की मी डोळे मिटूनच श्वास जरा मोठ्यानं सोडते, त्याला फार वेळ थांबायला लागू नये म्हणून.